कमी तिखट, चवीची मिरची: कुंडीसाठी जात कशी निवडावी आणि ती कशी वाढवावी

मिरचीचं बी घेताना बहुतेक जण पाकिटावरचा फोटो बघतात आणि 'कमी तिखट' एवढं वाचून घरी आणतात. मग ढोबळी मिरचीला मोसमात तीनच फळं लागतात, वाळवायला लावलेली मिरची उन्हात काळी पडून कुजते, भज्यांसाठी आणलेली तव्यावर टाकली की नुसती चामट होते. या सगळ्यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: सालीची जाडी. कमी तिखट मिरच्यांमध्ये तिखटाचा फरक फार नसतो, सालीचा मात्र मोठा असतो. साल किती जाड आहे यावरून मिरची भरायची, परतायची की वाळवायची ते ठरतं. कुंडी केवढी लागेल, पाणी किती लागेल आणि फळं किती मिळतील याचा अंदाजही त्यावरूनच येतो. म्हणून आधी मिरचीचं काय करायचं आहे ते ठरवा, मग साल आणि शेवटी जात.

तिखट कुठे असतं आणि का वाढतं

मिरचीतलं तिखट म्हणजे कॅप्सेसिन. ते तयार होतं आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये, म्हणजे जिथे बिया चिकटलेल्या असतात त्या भागात. बिया त्या शिरांना लागून असल्यामुळे तिखट लागतात, त्या स्वतः कॅप्सेसिन तयार करत नाहीत. त्यामुळे भरल्या मिरचीसाठी नुसत्या बिया झटकून भागत नाही. उभी चीर देऊन चमच्याच्या दांड्याने पांढऱ्या शिरा खरवडून काढल्या, तर मध्यम तिखट मिरचीसुद्धा लहान मुलांना चालते.

अमेरिकेतल्या विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखट मोजायची पद्धत बसवली, आणि बियाण्याच्या पाकिटांवर आजही स्कोव्हिलचे आकडे असतात. ढोबळी मिरची शून्य, गोड बनाना मिरची ० ते ५००, शिशितो ५० ते २००, पॅड्रॉन आणि अनाहाइम साधारण ५०० ते २,५००, पोब्लानो १,००० ते २,०००, हालापेनो २,५०० ते ८,०००. हालापेनोच्या खालचं सगळं या लेखात 'कमी तिखट' धरलं आहे. ब्याडगी याला अपवाद. सुकी असल्यामुळे तिचा आकडा मोठा दिसतो, पण मसाल्यात ती रंगासाठी आणि वासासाठी जाते, म्हणून तिला इथे जागा आहे.

आकडे असे ठोकळ असतात, कारण एकाच झाडाच्या दोन मिरच्यांतही फरक पडतो. फूल गळून फळ धरल्यानंतर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिखट साठू लागतं आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं. म्हणजे कोवळी मिरची त्याच झाडाच्या जून मिरचीपेक्षा सौम्य असते. झाडाला पाण्याचा ताण बसला किंवा कडक उन्हाळा लागला तरी तिखट वाढतं. मार्च-एप्रिलमध्ये शिशितो अचानक झोंबायला लागली तर बियाणं खराब निघालं असं समजू नका, आधी पाण्याचं बघा.

एक समज फार पसरलेला आहे: ढोबळीशेजारी लवंगी लावली की ढोबळी तिखट होते. तसं होत नाही. फळाची साल आणि पांढऱ्या शिरा आईच्या झाडाच्या असतात, परागकण कुठूनही आले तरी त्या बदलत नाहीत. बदलतं ते बी. शेजारी लवंगी असताना धरलेल्या ढोबळीचं बी पुढच्या वर्षी लावलं, तर त्यातून तिखट मिरची निघू शकते, कारण ढोबळीचा गोडपणा एकाच अप्रभावी जनुकावर टिकलेला असतो. तेव्हा खायला हव्या तेवढ्या जाती शेजारी शेजारी लावा. काळजी फक्त बी धरताना घ्यायची.

जाड सालीच्या: ढोबळी आणि पोब्लानो

ढोबळीची साल चांगली पोसली तर ५ ते ७ मिलिमीटर होते. एवढा गर बनवायला झाडाला पाणी, अन्न आणि पानांची सावली सगळंच जास्त लागतं. त्यामुळे १२ इंची कुंडीत एका झाडावर एका वेळी चार-पाच फळांपेक्षा जास्त धरू देऊ नयेत. मोसमात आठ-दहा फळं मिळाली तर झाड उत्तम चाललं आहे असं समजा. रोज भाजीला ढोबळी हवी असेल तर ती बाजारातूनच आणलेली परवडते. कुंडीतल्या ढोबळीचा खरा फायदा वेगळा आहे. ती झाडावर पूर्ण लाल किंवा पिवळी होईपर्यंत ठेवता येते. हिरव्या ढोबळीला जो किंचित कडवटपणा असतो तो रंग भरल्यावर जातो आणि गोडी येते. हिरवी फळं लागवडीनंतर ६० ते ७५ दिवसांत मिळतात, रंगासाठी त्यावर आणखी तीन आठवडे थांबावं लागतं.

जातींत 'कॅलिफोर्निया वंडर' जुनी आणि भरवशाची आहे, तिचं बी पुन्हा धरता येतं. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेल्या 'अर्का मोहिनी', 'अर्का गौरव' आणि 'अर्का बसंत' या सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) वाणांचं बीही मिळतं. कोकणात किंवा गोव्यात लावणार असाल तर 'अर्का गौरव' घ्या, कारण तिथल्या लाल, आंबट मातीत येणारा जिवाणूजन्य मर रोग ती बऱ्यापैकी सोसते. 'अर्का बसंत'ची फळं आधी फिकट पिवळसर असतात आणि मग केशरी-लाल होतात. पीठ पेरून केलेल्या भाजीत हा रंग फार छान दिसतो. रंगीत संकरित जाती पॉलीहाऊससाठी काढलेल्या असतात. उघड्या गच्चीवर त्यांच्या नादी लागू नका.

पोब्लानो मेक्सिकोतल्या पुएब्ला भागातली. गडद हिरवी, चपटी, खांद्याकडे रुंद. कच्ची खाल्ली तर विशेष लागत नाही, पण थेट आचेवर साल काळी होईपर्यंत भाजून ती साल काढून टाकली की जो खमंग, किंचित मातकट स्वाद येतो तो ढोबळीला येत नाही. आपल्या वांग्याच्या भरतात एक भाजलेली पोब्लानो घालून बघा. झाड तीन फुटांच्या वर जातं, फांद्या ठिसूळ असतात, म्हणून लागवडीच्या दिवशीच काठी रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात. उन्हाळ्यात हिची फुलं ढोबळीइतकीच गळतात. तिखट साधारण सौम्य असलं तरी एखादं फळ चांगलंच झोंबतं.

मध्यम सालीच्या: भावनगरी, बनाना, अनाहाइम

घरी एकच जात लावायची असेल तर भावनगरी लावा. भज्यांची, पोपटी रंगाची, लांबट. साल २ ते ३ मिलिमीटर, त्यामुळे तेलात पटकन शिजते पण विरघळत नाही. भरली मिरची, पिठल्याबरोबरची तळलेली मिरची, बेसन पेरलेली परतलेली मिरची, सगळ्याला चालते. झाड दोन फुटांवर थांबतं, १२ इंची कुंडीत खूश असतं. मोसमात २५ ते ४० मिरच्या सहज मिळतात, आणि लागवडीनंतर ५५-६० दिवसांत पहिली तोडणी येते. १० ते १२ सेंटीमीटर लांब आणि पोपटी असतानाच तोडा. रंग पिवळट-केशरी व्हायला लागला की साल चामट होते आणि तिखट वाढतं. बाजारात भावनगरी नावाने दोन-तीन प्रकारचं बी मिळतं आणि त्यांचं तिखट सारखं नसतं. पहिल्या तोडणीची एक मिरची देठाकडून कापून चाखा आणि त्यावरून झाडावर खूण बांधा.

गोड बनाना मिरची दिसायला भावनगरीच्या जवळची, पण जवळजवळ गोडच. व्हिनेगरमध्ये मुरवायला चांगली. फोडणीच्या लोणच्यात मात्र ती फिकी वाटते. अनाहाइम म्हणजे कॅलिफोर्नियातली लांब हिरवी मिरची, १५ सेंटीमीटरच्या पुढे जाणारी. भाजून साल काढून खाण्यासाठी ती पोब्लानोपेक्षा सोपी पडते, कारण सरळ असल्यामुळे सगळीकडून एकसारखी भाजते.

पातळ सालीच्या: शिशितो आणि पॅड्रॉन

कमी ऊन येणाऱ्या बाल्कनीसाठी शिशितोइतकी सोयीची मिरची क्वचित सापडेल. साल जेमतेम एक-दीड मिलिमीटर, सुरकुतलेली, टोकाला आत वळलेली. जपानमध्ये ती अख्खीच भाजतात किंवा तळतात. लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा, चमचाभर तेल, मूठभर शिशितो, साल फुगून डाग पडले की जाडं मीठ भुरभुरा. दोन मिनिटांत काम होतं. मिरचीला आधी टाचणीने एक भोक पाडा, नाहीतर आतली वाफ कोंडून ती फुटते आणि तेल अंगावर उडतं. झाड १० इंची कुंडीत येतं, चार-साडेचार तासांच्या उन्हातही फळ धरतं, आणि तोडत राहिलात तर तीन-चार महिने थांबत नाही. ८ ते १० सेंटीमीटरला तोडा.

पॅड्रॉन स्पेनच्या गॅलिसियातली. करायची पद्धत तीच, चव जास्त गडद, अक्रोडाकडे झुकणारी. पण ती ४-५ सेंटीमीटरची असतानाच तोडायला हवी. आठवडाभर राहिली की त्याच झाडावरची मिरची चांगली तिखट होते. रोज झाडाकडे बघायला वेळ नसेल तर पॅड्रॉन सोडून शिशितो घ्या.

वाळवण्यासाठी: ब्याडगी आणि तिच्या बहिणी

कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून नाव पडलेल्या या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रश्शावर येणारा लाल कट, मालवणी मसाल्याचा रंग, यातला मोठा वाटा हिचाच. तिच्यात दोन प्रकार: 'डब्बी' आखूड आणि फुगीर, 'कड्डी' लांब आणि बारीक. दोन्हींची साल पातळ असते आणि वाळताना तिला खोल सुरकुत्या पडतात. रंग आणि वास डब्बीत जास्त. कुंडीसाठी आम्ही डब्बीच सुचवू.

बियाण्याची खरी अडचण इथे आहे. दुकानातल्या ब्याडगीत संकरित मालही असतो, त्याचं बी पेरलं तर पुढची झाडं सारखी निघत नाहीत, काही चांगलीच तिखट निघतात. शिवाय जास्त कडक उन्हात किंवा यंत्रात वाळवलेल्या मिरचीचं बी बऱ्याचदा रुजतच नाही. तेव्हा मसाल्याच्या पिशवीतलं बी पेरण्यापेक्षा सरळ वाणाचं बी विकत घ्या.

अपेक्षाही बेताची ठेवा. १२ इंची कुंडीतलं एक झाड मोसमात साधारण २५० ते ३५० ग्रॅम ओली लाल मिरची देतं आणि चार किलो ओल्या मिरचीची साधारण एक किलो सुकी होते. दहा झाडांतून पाऊण किलो सुकी मिरची मिळाली तर भरपूर झालं. वर्षाचा मसाला त्यात होणार नाही. पण ताज्या वाळवलेल्या ब्याडगीचा जो गोडसर वास असतो तो वर्षभर गोदामात राहिलेल्या मिरचीला येत नाही. ती मसाल्यात घालवू नका, वेगळी ठेवा: गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, वाटून, माशाच्या कालवणात.

काश्मिरी नावाने बाजारात अनेक प्रकारचा माल विकला जातो. थंड हवेतली ती जात आपल्या उष्ण गच्चीवर फारशी खुलत नाही, ब्याडगीच बरी. गडहिंग्लज-संकेश्वर भागातली संकेश्वरी लांब आणि सुंदर रंगाची, पण तिखटाला ब्याडगीपेक्षा वरची. गोव्याच्या काणकोणातली खोला मिरचीही रंगाला अप्रतिम. रेशाद मसाल्यात ती हवीच, मात्र ती मध्यम तिखट आहे. डोंगरउतारावर पावसाळी पीक म्हणून ती घेतात, त्यामुळे उत्तम निचरा नसलेल्या कुंडीत लगेच माना टाकते.

फक्त वासासाठी: अजी डुल्से आणि हाबानाडा

हाबानेरो या जहाल मिरचीला जर्दाळूसारखा फळाचा वास असतो, पण तिचं तिखट बहुतेकांना झेपत नाही. त्याच कुळातली कॅरिबियन बेटांवरची आणि व्हेनेझुएलातली अजी डुल्से हा वास जवळजवळ तिखटाशिवाय देते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेली हाबानाडा तर पूर्ण बिनतिखट आहे. दोन्हींना उबदार, दमट हवा आवडते, म्हणून मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे त्या छान वाढतात. उशीर मात्र फार: बी रुजायला दोन-तीन आठवडे, आणि लागवडीनंतर फळ पिकायला तीन-साडेतीन महिने. फळ रंगल्यावरच तोडा, हिरवं असताना वास नसतो. दोन फळं बारीक चिरून शेवटच्या वाफेला खिचडीत किंवा फोडणीच्या भातात घाला. जास्त शिजवलं की वास उडून जातो.

पेरणीची वेळ

मिरचीला फळ धरायला दिवसा २० ते ३० अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. रात्र २४ अंशांच्या वर राहिली की जाड सालीच्या जातींची फुलं गळतात. म्हणजे आपल्याकडे ढोबळी आणि पोब्लानो हे हिवाळ्याचंच पीक. पुणे-नाशिककडे बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पेरा, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागवड होते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळं. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या खाली जातात आणि वाढ थांबते, म्हणून तिथे ऑगस्टच्या मध्यालाच पेरा. कोकणात पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या मध्यानंतर. भावनगरी, शिशितो आणि ब्याडगी जून-जुलैतही पेरता येतात, मात्र पावसाचा मार थेट बसणार नाही अशी जागा हवी.

युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत राहणाऱ्यांनी हिवाळ्याअखेर रात्रीचं दव गोठायचं थांबतं त्याच्या आठ ते दहा आठवडे आधी घरात, खिडकीत किंवा दिव्याखाली बी पेरावं. ब्याडगी आणि अजी डुल्सेसाठी बारा आठवडे धरा, नाहीतर फळ लाल होण्याआधी थंडी येते.

रोप आणि लागवड

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. ट्रेमध्ये तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत भरा, चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा, बी अर्धा सेंटीमीटर खोल टाका. २५ ते ३० अंशांत आठ-बारा दिवसांत उगवतं. उगवलं की त्याच दिवशी उजेडात आणा. सावलीत दोन दिवस राहिलेली रोपं लांब, बारीक होतात आणि सुधारत नाहीत. या वयात रोपं मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने: बुंधा जमिनीलगत पाणचट होऊन रोप आडवं पडतं. ट्रेचा वरचा थर फिका दिसेपर्यंत पुन्हा पाणी घालू नका, आणि घालताना खालून, ताटलीतून द्या.

३५-४० दिवसांत रोप १२-१५ सेंटीमीटरचं, पाच-सहा पानांचं होतं. लागवडीआधी आठवडाभर रोज थोडं थोडं वाढवत उन्हाची सवय लावा. कुंडी जाड सालीच्या जातींना १२ ते १४ इंची, बाकीच्यांना १० ते १२ इंची. मिश्रण: चार भाग बागेची माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, तीन भाग कोकोपीट, आणि दर कुंडीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड. काळी चिकट माती असेल तर ती दोन भागांवर आणा आणि दोन भाग जाड वाळू घाला. अर्धवट कुजलेलं शेणखत वापरू नका, त्यातून हुमणी ही अळी येते आणि मुळं खाते. एका कुंडीत एकच रोप, संध्याकाळी लावा, वर दोन इंच वाळक्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन.

झाड पहिल्यांदा दुभंगतं तिथे एक फूल येतं. ढोबळी आणि पोब्लानोवरचं ते फूल खुडून टाका. ते फळ धरलं तर झाड तिथेच थबकतं आणि पुढची फळं लहान राहतात. शिशितो-ब्याडगीला याची गरज नाही.

पाणी आणि खत

बोट दोन सेंटीमीटर मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी. हिवाळ्यात १२ इंची कुंडीला साधारण अर्धा ते एक लिटर रोज पुरतं, मार्चमध्ये तेच दोन वेळा लागू शकतं. जाड सालीच्या जातींना पाण्यात खाडा अजिबात चालत नाही. ब्याडगीला मात्र फळं लाल व्हायला लागली की पाणी थोडं कमी करा, रंग गडद येतो.

लागवडीनंतर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, दर कुंडीला अर्धा लिटर, दहा-बारा दिवसांनी एकदा. फुलं लागली की ते बंद करा. तेव्हा नत्र जास्त झालं तर पानंच वाढतात. त्यानंतर एका पाळीला १३:०:४५ आणि पुढच्या पाळीला कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरला २ ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट १९:१९:१९ बरोबर एकाच पाण्यात कालवू नका, साका होऊन तळाला बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. नुसतं सेंद्रिय वाढवायचं असेल तर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत आणि महिन्यातून एकदा चमचाभर चाळलेली लाकडाची राख द्या.

काय बिघडतं

पानं वळणं ही मिरचीची सगळ्यात मोठी तक्रार. सगळे त्याला सरसकट बोकड्या म्हणतात आणि एकच औषध मारतात. कशी वळली आहेत ते आधी बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे आहेत: पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटका, तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळट किडे हलताना दिसतील. कडा खाली वळून पान अरुंद झालं, देठ लांबलं, तर कोळी ही अगदी बारीक कीड. शेंड्याची पानं बारीक, गुच्छासारखी झाली आणि झाडच खुजं राहिलं, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून टाका.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीला पिवळे. निंबोळी तेल ५ मिलिलिटर आधी दोन मिलिलिटर द्रवरूप साबणात घोटा, मग एक लिटर कोमट पाण्यात सोडा. तेल थेट पाण्यात टाकलं तर वर तरंगतं आणि पानं भाजतात. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने, आठवड्यातून एकदा फवारा. कोळी आणि भुरीसाठी (पानांवरची पांढरी बुरशी) पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, मात्र दुपारचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर नको, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी नको.

ढोबळीच्या बुडाशी चपटा, तपकिरी, कागदासारखा डाग पडतो. तो रोग नसून फळाला कॅल्शियम पोचलं नाही याची खूण आहे. मातीत कॅल्शियम असूनही हे होतं, कारण ते पाण्याबरोबरच वर चढतं आणि पाण्यात खंड पडला की सर्वात लांबच्या टोकाला, म्हणजे बुडाला, पोचत नाही. डागाळलेली फळं काढा, पाणी नियमित करा, पुढची फळं नीट येतात. बाजूने, उन्हाच्या अंगाला पांढरा डाग असेल तर तो उन्हाचा चटका. पश्चिमेच्या गच्चीवर ३५ टक्के शेडनेट दुपारपुरती लावा आणि पानं छाटू नका.

हिरवंगार झाड दुपारी अचानक माना टाकतं आणि संध्याकाळी पाणी घालूनही उठत नाही, तेव्हा बुंध्याचा तुकडा कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात उभा धरा. कापलेल्या टोकातून दुधी धागे पाण्यात उतरले तर जिवाणूजन्य मर. झाड आणि माती दोन्ही काढा, त्या मातीत वांगी, टोमॅटो, बटाटा पुन्हा लावू नका.

तोडणी, वाळवणी, बी

मिरची ओढून तोडू नका, फांदीच निघून येते. देठ ठेवून कात्रीने कापा. ब्याडगी पूर्ण लाल होऊन झाडावरच किंचित सुरकुतली की तोडा. एक-दोन दिवस सावलीत एकावर एक पसरून ठेवा, रंग एकसारखा होतो. मग सुती कापडावर एकेरी थरात उन्हात, आठ ते बारा दिवस. संध्याकाळी आत घ्या, रात्रीचं दव बसलं तर बुरशी येते. हलवल्यावर आत बी खुळखुळलं आणि देठ कडक झाला म्हणजे झाली. मुंबई-कोकणात वाळवलेली मिरचीही पुन्हा दमट होते, म्हणून डब्यात भरण्याआधी आणि नंतर महिन्यातून एकदा ऊन दाखवा. आतून करड्या बुरशीची एकही मिरची डब्यात जाऊ देऊ नका.

बी धरायचं असेल तर फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी कळीवर पातळ जाळीची छोटी पिशवी बांधा, फळ धरलं की ती काढून देठाला रंगीत दोरा बांधा. फळ पूर्ण रंगल्यावर बी काढून सावलीत आठवडाभर वाळवा. उन्हात टाकू नका. कागदी पुडीत, नाव आणि महिना लिहून, हवाबंद बरणीत थंड जागी ठेवलं तर दोन-तीन वर्षं चांगलं रुजतं. संकरित जातीचं बी मात्र धरू नका, पुढच्या पिढीत ती जात तशी येत नाही.